अकरा रोल आडवे

माग बंद असले की त्या शेडमध्ये माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येई, आणि त्या सकाळी तिथे जमलेल्या पाच जणांना एकमेकांच्या श्वासाचासुद्धा भरवसा वाटत नव्हता.

थोरल्या सुनेने कापड कापायच्या लांब टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या तेव्हाच तिने मनाशी ताडलं होतं की कोण कुठे बसतो त्यावर अर्धा निकाल लागणार. झालंही तसंच. तिचा नवरा, घरातला थोरला, मागांना पाठ लावून बसला. धाकटा दीर दाराजवळ बसला, साइटवरची पिवळी टोपी मांडीवर ठेवून, केव्हाही उठून जाता यावं अशा बेताने. सकाळच्या गाडीने आलेली नणंद कोणाकडेही न बघता सरळ धाकट्याच्या शेजारी गेली आणि पिशवी खाली ठेवली. आप्पा मधल्या खुर्चीत. चाळीस वर्षांपूर्वी दोन जुन्या मागांवर पोती विणत त्यांनी हा कारखाना उभा केला होता. मातीत घालायचं कापड विणण्याची कल्पनाही त्यांचीच. 'पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची,' एवढंच ते त्या कापडाबद्दल सांगत, आणि तेवढं पुरेसं असे.

आता मात्र माती अडली नव्हती. दोन दिवस पाऊस लागून राहिला आणि तिसऱ्या सकाळी दवाखान्याच्या वरच्या रस्त्याचा भराव घसरून खाली आला. दवाखान्याच्या मागची गाड्या ठेवायची शेड त्याने गाडली. आत माणूस नव्हतं, हे नशीब. त्याला आता तीन दिवस झाले होते. त्या भरावात थराथराने घातलेलं काळं कापड याच कारखान्यात विणलेलं होतं, आणि ते पसरलं होतं धाकट्याच्या माणसांनी. रस्तेखात्याचा इंजिनिअर अकरा वाजता जागेवर येणार होता आणि त्याला घरच्यांकडून एकच कागद हवा होता: कापड कमी पडलं, की पसरणाऱ्याने चूक केली? कापड म्हटलं तर कारखान्याचं नाव खात्याच्या यादीतून जाणार आणि हे माग असेच मुके राहणार. पसरणं म्हटलं तर धाकट्याचा परवाना जाणार. दोघंही वाचतील असा कागद अजून कुणी लिहिला नव्हता.

थोरल्या सुनेने मात्र एक कागद पहाटेच मनात लिहून ठेवला होता, आणि त्यात धाकट्याचं नाव होतं.

"आप्पा," थोरल्याने सुरुवात केली, "त्याला विचारा, थर किती अंतराने टाकले?"

"आप्पा, सांगा, नकाशात होते तेवढ्याच अंतराने," धाकटा म्हणाला.

दोघांमध्ये अंतर होतं चार हातांचं. पण धाकटा कारखाना सोडून स्वतःची टोळी घेऊन बाहेर पडला, आणि त्याच्या ट्रकवर दुसऱ्या गिरणीच्या कापडाचे रोल थोरल्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला चौदा महिने झाले होते. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता. दर रविवारी दोघं आप्पांकडे जेवायला मात्र येत. ताटाला ताट लावून बसत आणि जे काय बोलायचं ते आप्पांशी बोलत. लेकी बोले सुने लागे, ही म्हण बाकीच्या घरांत सासवांपुरती असते. या घरात ती दोन मिशीवाल्या पुरुषांनी चालवायला घेतली होती.

"अरे, समोर बसलाय तो," नणंद वैतागून म्हणाली. "आप्पांना टपालपेटी कशाला करता?"

आप्पांनी नुसती मान हलवली.

थोरल्या सुनेला थांबवेना. ती कारखान्याच्या चाचणीच्या खोलीत काम करी. कापडाच्या पट्ट्या मशीनच्या जबड्यात धरून ओढायच्या आणि कितव्या आकड्याला तुटतात ते लिहायचं. रोज तोच उद्योग केल्याने तिला माणसंसुद्धा थोडी ताणून बघायची सवय लागली होती.

"भाऊजी, स्पष्ट विचारते," ती म्हणाली. "रोल उताराच्या तोंडापासून आत पसरलेत, की भरावाच्या लांबीने?"

प्रश्न साधा होता आणि विखारीही. या कापडाची सगळी ताकद रोलच्या लांबीत असते. म्हणून रोल तोंडापासून आत, डोंगराच्या पोटाकडे उलगडायचा, पाच मीटरवर कापायचा, शेजारी दुसरा तुकडा, पुन्हा कापायचा. कटकटीचं काम. रोल भरावाच्या लांबीनेच सरळ सोडून दिला की कापाकापी वाचते, दिवस वाचतो, फक्त भराव वाचत नाही.

धाकटा हसला, पण डोळे हसले नाहीत. "आली का गाडी त्या पत्रावर? मी म्हणतच होतो, वहिनी, की केव्हा येते."

ते पत्र कुणी विसरलं नव्हतं. सात महिन्यांपूर्वी रस्तेखात्याकडे निनावी पत्र गेलं होतं की हा माणूस मेहनत वाचवायला कापड लांबीने पसरतो. खात्याने त्याला दोन ठिकाणी भराव उकरायला लावला. काही निघालं नाही. पण पत्र फायलीत राहिलं, आणि धाकट्याच्या मनात त्याखाली थोरल्याची सही होती.

"पत्राचं मला माहीत नाही. मी कापडाचं विचारते आहे."

"मग कापडाचंच बोलू," नणंद म्हणाली. ती एका मोठ्या ऑफिसात भिंती-भरावांचे नकाशे काढी आणि लहानपणापासून धाकट्याची वकिली करी. तिने चाचणीचा कागद टेबलावर सरकवला. "ताकद लांबीत दोनशे, रुंदीत पन्नास. खाली सही तुमची. तारीख बघा, शनिवारची. वहिनी, त्या शनिवारी तुम्ही माहेरी आजारी आईपाशी होतात. मी तिथेच तुम्हाला फोन केला होता."

थोरल्या सुनेच्या पायाखालची जमीन सरकली. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि तिला तीन दिवस खवखवत होतं ते हेच होतं. तिने ती चाचणी पाहिलीच नव्हती. परत आल्यावर समोर आलेल्या कागदावर नेहमीचेच आकडे होते, नेहमीसारखी सही ठोकली होती.

"मशीन आप्पांनी चालवलं होतं," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला बारीक वाटला. "चाळीस वर्षं माग चालवलेल्या माणसाने लिहिलेले आकडे मी काय परत तपासायचे?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता तो तिची बाजू घेईल, बहिणीवर ओरडेल, असं तिला वाटलं होतं. एरवी तिच्या चहात साखर कमी पडली म्हटलं तरी भांडायला उठणारा माणूस. पण तो कागदावरच्या त्या दोन आकड्यांकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. तिच्या मनात पाल चुकचुकली. ह्याला काहीतरी माहीत आहे, तिने ओळखलं, आणि लग्नाच्या अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याची भीती वाटली.

"इथे बसून एकमेकांची सालं काढण्यापेक्षा जागेवर जाऊ," धाकटा उठत म्हणाला. "कापड मातीत आहे अजून. ते काही आप्पांच्या मार्फत बोलत नाही."

दवाखान्याच्या मागे चिखलाचा ढीग पडला होता आणि वर भरावाला मोठं खिंडार पडलेलं दिसत होतं. थरांतून काळ्या कापडाची टोकं लोंबत होती. काही फाटली होती, काही मातीच्या वजनाने ताणून लांबट झाली होती. आप्पांना खाली खुर्ची दिली तरी ते हट्टाने वर आले, नणंदेचा खांदा धरून.

धाकट्याने न घसरलेल्या कडेला फावडं चालवलं. दोन थर मोकळे केले, हाताने माती झाडली आणि बाजूला झाला. "बघा, वहिनी. तुम्हीच बघा. नाहीतर म्हणाल मी मातीला शिकवून ठेवलं."

ती गुडघ्यावर बसली. रोलचा काठ, म्हणजे कापडाची विणून बंद झालेली कड, थेट आत जात होती. पाच मीटर आत, सरळ, दोरी लावल्यासारखी. शेजारच्या तुकड्याची कडही तशीच. धाकट्याने कामात कसूर केली नव्हती. उलट जितकं काटेकोर करावं तितकं केलं होतं. तिने मनात लिहून ठेवलेला कागद तिथल्या तिथे खोटा ठरला आणि तिला मनापासून शरम वाटली.

"काय म्हणता?" धाकट्याने विचारलं.

"पसरलंय बरोबर," ती म्हणाली. पण ती उठली नाही. फाटलेल्या टोकाशी काहीतरी तिच्या बोटांना खटकत होतं. लांबीने ताण आला तर या कापडाचे धागे एकेक करून, हट्टाने तुटतात. इथे ते सुतासारखे सटासट तुटले होते. तिने कात्रीने तळहाताएवढा तुकडा कापला आणि धागे सोडवायला घेतले. काठाच्या दिशेने जाणारे धागे निघाले, ते बारीक. आडवे काढले, ते जाड, चपटे, तिच्या ओळखीचे. पुन्हा काढून पाहिले. फरक डोळ्यांवर विश्वास बसू नये इतका उघड होता.

"जाड धागा आडवा विणलाय," ती हळू म्हणाली. मग मोठ्याने: "अहो, जाड धागा आडवा आहे. सगळी ताकद रुंदीत आहे. हे कापड उलटं आहे!"

आता सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या. नणंद, जी अर्ध्या तासापूर्वी वहिनीला पाण्यात पाहत होती, ती येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

थोरल्याने नजर चिखलावरच ठेवली. "बीम भरायच्या मशीनचा दात तुटला होता," तो म्हणाला. "उभा धागा बीमवर, त्या मोठ्या रुळावर, गुंडाळल्याशिवाय मागावर चढत नाही. नवा दात यायला नऊ दिवस, आणि रोल द्यायची तारीख परवावर. आडव्या धाग्याला बीम लागत नाही, तो सरळ सुताच्या कोनावरून जातो. म्हणून जाड धागा आडवा टाकला. मागावर पातळ धाग्याचं बीम होतंच. कापड तेच, ताकद तीच, फक्त दिशा फिरली. रोलची रुंदी सव्वापाच मीटर, भरावाला आत हवं पाच. नुसते भरावाच्या लांबीने, आडवे पसरले असते तरी काम चोख झालं असतं."

"आणि हे कुणाला सांगायचं नाही?" नणंद किंचाळली.

"सांगितलं होतं!" थोरला आप्पांकडे वळला. "रविवारी. जेवताना. तुम्हाला म्हटलं नव्हतं, 'आप्पा, दवाखान्याचे अकरा रोल आडवे पसरायचे'?"

आप्पांनी डोळे मिटले. "म्हणाला होतास. मी 'बरं' म्हटलं. तो समोरच जेवत होता."

"आणि चाचणी?" थोरल्या सुनेने विचारलं. "आप्पा, शनिवारी मशीनवर रुंदीचाच आकडा मोठा आला असेल ना?"

"आला होता, पोरी. मला वाटलं, हात थरथरतात, पट्ट्या माझ्याकडूनच उलट लागल्या. म्हणून आकडे नेहमीच्या जागी लिहिले."

"मग रविवारी हे बोलले तेव्हा कळलं नाही?"

"कळलं," आप्पा म्हणाले. "पण कागद बदलायचा तर म्हणावं लागलं असतं की म्हाताऱ्याला आता हे जमत नाही. मी म्हटलं, ज्याला ऐकायचं त्याने ऐकलंय. कागद कोण वाचतो?"

म्हणजे सगळं येऊन थांबलं त्या जेवणावर. थोरली सून त्या रविवारी आईपाशी होती. तिने दिराकडे पाहिलं. तो फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता.

"भाऊजी, तुम्ही ऐकलं नव्हतं का?"

तो ताबडतोब नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. जेवताना कुणाचं काय लक्ष असतं? सगळ्यांनी ते मान्य केलं असतं, आणि दोष सगळा त्या आडव्या धाग्यावर जाऊन परवाना वाचला असता. तिला ते कळलं, त्यालाही कळलं.

"ऐकलं होतं," धाकटा म्हणाला. "शब्दन् शब्द ऐकला. आणि मला वाटलं, सापळा आहे. ज्या गोष्टीचं पत्र पाठवून माझे दोन भराव उकरायला लावले, तीच गोष्ट हा मला करायला सांगतोय. तीही भिंतीकडे बघून, म्हणजे उद्या 'मी कधी म्हटलं' म्हणायला मोकळा. मी आडवे पसरायचे, ह्याने खात्याला कळवायचं, या वेळी उकरलं की माल सापडायचा. दुधाने तोंड पोळलेला माणूस मी. मुद्दाम स्वतः उभं राहून सगळे अकरा रोल सरळ पसरून घेतले."

"मी ते पत्र लिहिलं नाही," थोरला आप्पांना म्हणाला.

"आप्पा, त्याला विचारा, मग कुणी लिहिलं?"

थोरल्या सुनेनेही नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिला वाईट वाटलं ते याचं, की तिलाही त्याचं पटलं नव्हतं. रोल उलटे विणल्याचं ह्याने भराव पडल्यावरही तीन दिवस तिच्यापासून लपवलं होतं. पत्र का लपवणार नाही?

खालून गाडीचं दार वाजलं. रस्तेखात्याचा इंजिनिअर पाचच मिनिटं आधी आला होता. बूट चिखलात रुतवत तो वर आला, उघडलेले थर पाहिले, थोरल्या सुनेने पुढे केलेले दोन धागे पाहिले. मग त्याने काखेतली फाइल उघडली.

"तुमचा कागद द्या. पण आधी हे सांगतो की या पसरणाऱ्याविरुद्ध आमच्याकडे जुनी तक्रार आहे. त्यामुळे मी काय समजायचं ते तुम्ही समजा." त्याने ते पत्र पुढे केलं. सुवाच्य, ठसठशीत, टाइप केलेलं, खाली 'एक हितचिंतक'.

"ते बाजूला ठेवा, साहेब," आप्पा म्हणाले. "ते माझं आहे."

नणंदेने आप्पांचा धरलेला हात सोडला नाही, पण तिचा हात सैल पडलेला दिसला.

"तुमचं म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"चौकातल्या टायपिंगवाल्याकडून करून घेतलं. वाटलं, परवाना गेला की दुसरं काय करशील? मागावर परत येशील." आप्पा धाकट्याकडे बघत होते, अजिबात नजर न चुकवता. "दर रविवारी येतोस, जेवतोस, आणि निघून जातोस. मला वाटलं, एकदा नीट पडलास तर घरी येशील."

"आप्पा, मी सात महिने दादाला शिव्या घातल्या." धाकट्याने फावडं खाली टाकलं. "सात महिने. तुम्ही दर रविवारी ऐकत होता."

"ऐकत होतो."

इंजिनिअर खाकरला. "तुमच्या घरचं मला समजत नाही. मला कागद हवा. कापड, की पसरणं?"

थोरल्या सुनेने फाइल मागून घेतली, तिच्यावरच कोरा कागद ठेवला आणि उभ्या उभ्या लिहायला लागली. कापड उलटं विणलं, हे लिहिलं. न पाहिलेल्या चाचणीवर मी सही केली, हेही लिहिलं, आणि लिहिताना तिचा हात थांबला नाही. पसरणाऱ्याला दिशा माहीत होती, तरी त्याने सरळ पसरलं. मग ती थांबली. त्याने असं का केलं, हे लिहायचं तर पत्र लिहावं लागत होतं.

"वहिनी, आप्पांचं नाव घालू नका," धाकटा म्हणाला. "लिहा, मी सांगितलेलं ऐकलं नाही. संपलं."

"घाल," थोरला म्हणाला.

"नको म्हणतोय ना. म्हातारा माणूस, उद्या चौकशीला बोलावतील."

"आणि तुझा परवाना? फुकट घालवतोस? घाल गं तू."

"माझा परवाना आहे, मी बघेन. तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्ये पडू नको? कापड माझं आहे! उलटं मी विणलंय! कारखान्यातून उठून तुझ्या साइटवर येऊन तुझ्या तोंडावर सांगायला माझे पाय मोडले होते का? तू गप्प बस!"

"तूच गप्प बस!"

दोघं चिखलात नाकाला नाक लावून उभे होते आणि लाल झाले होते. थोरल्या सुनेची पेन्सिल थबकली. तिने नणंदेकडे पाहिलं. नणंदेच्याही ते ध्यानात आलं होतं, पण बोलायचं धाडस दोघींनाही होईना, न जाणो बोललं की बिनसायचं.

इंजिनिअर कंटाळून म्हणाला, "चौकशी होईपर्यंत दोघांचीही कामं बंद. कारखान्याचंही आणि टोळीचंही. आणि हा भराव आठ दिवसांत उकरून परत भरून हवा. कसा ते तुमचं तुम्ही ठरवा."

"ठरवायचं काय त्यात?" थोरला धाकट्याला म्हणाला. "वरून सुरुवात कर."

"वरून? वरून उकरलं तर सगळं पायावर येईल. तुला माग चालवता येतो, माती नाही."

आप्पा मात्र थोरल्या सुनेजवळ आले. त्यांनी तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि कागदाच्या तळाशी, थरथरत्या हाताने, स्वतःचं नाव लिहिलं. मागे दोन्ही मुलं अजून भांडत होती, आणि एकालाही आप्पांची आठवण नव्हती.